शॉटरीचें शाकारलेलें घर

इंग्लंडांतील वॉरिकशायर परगण्यांत एव्हन नदीच्या काठीं स्ट्रॅटफर्ड हें शहर वसलेलें आहे. या शहराच्या पश्चिमेस सुमारें मैलभर अंतरावर शॉटरी नांवाचें खेडें आहे, आणि त्या खेड्यांत, उतरत्या जमिनीवर, पेंढ्यानें शाकारलेलें एक लांबट शेतकरी घर उभें आहे. ज्या नाटककाराचा ‘हॅम्लेट’ आगरकरांनीं १८८३ मध्यें ‘विकारविलसित’ या नांवानें आणि ‘ऑथेल्लो’ देवलांनीं १८९० मध्यें ‘झुंझारराव’ या नांवानें मराठी वाचकांच्या हातीं दिला, त्या शेक्सपीअरच्या पत्नीचें, ॲन हॅथवेचें, हें माहेर. देशोदेशींचे प्रवासी तें पाहावयास येतात, बागेंत क्षणभर थबकतात, आणि ‘ॲन हॅथवेची झोपडी’ पाहिली असें समाधान मानून परत जातात.

परंतु ही झोपडी नव्हे, व ॲनच्या काळीं तिला कोणी झोपडी म्हणतही नसे. बारा खोल्यांचें हें भरभक्कम घर एका सुखवस्तु शेतकऱ्याचें असून त्याजकडे नव्वद एकरांहून अधिक जमीन होती. त्या वेळीं त्याचें नांव ‘न्यूलँड्स फार्म’ असें होतें. प्रवाशांची दुसरी समजूत याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. आपण पाहतों तें घर जसेंच्या तसें ॲनच्या पायांखालचें घर होय, असें त्यांस वाटतें. वस्तुतः या घराचा बराच मोठा भाग ॲन सासरीं गेल्यानंतर उभा राहिला आहे. मग ॲनचें घर म्हणावयाचें तें कोणतें? या प्रश्नाचें उत्तर कागदपत्रांत थोडेंबहुत आहे. पण पुष्कळसें आहे तें खांबांत, तुळयांत आणि धुराड्यांत.

घराचा सर्वांत जुना भाग म्हणजे त्याची सखल बाजू. ती पंधराव्या शतकांत, १४६३ च्या सुमारास बांधली गेली. त्या वेळीं हें घर अवघें दोनतीन खणांचें होतें. इंग्लंडच्या मध्यभागांत त्या काळीं घर बांधण्याची जी रीत होती तिचा मुख्य आधार म्हणजे लाकडाची कमानदार जोडी. ओकचें मूळचेंच वांकडें वाढलेलें खोड निवडून तें उभें चिरावयाचें. त्यामुळें एकाच बांकाचीं दोन लाकडें मिळत. हीं दोन लाकडें समोरासमोर उभीं करून त्यांचीं टोकें वर आढ्यापाशीं जुळवीत. प्रार्थनेसाठीं जोडलेल्या तळहातांसारखी ही जोडी दिसे. इंग्रज सुतार तिला ‘क्रक’ म्हणतात. अशा दोन जोड्यांमधील अंतर म्हणजे एक खण. आपल्याकडे जसें घर किती खणांचें यावरून घरधन्याची ऐपत कळे, तसेंच तेथेंही होतें.

या रचनेंत छपराचा सारा भार कमानीवरून थेट जमिनीकडे उतरतो. भिंतीनें भार सोसावयाचा नसतो. तळाशीं दगडाचें बुटकें जोतें घालीत, कारण ओल चढली कीं ओकदेखील कुजतो. शॉटरीच्या आसपास विल्मकोट येथील खाणींचा निळसर करडा चुनखडी दगड मिळे, आणि जोतीं व फरसबंदी यांसाठीं तोच वापरीत. लाकूड ओलें असतांनाच तासावयाचें, कूस आणि खाच जुळवून सांगाडा आधीं जमिनीवर आडवा मांडून पाहावयाचा, प्रत्येक सांध्यावर खुणेचे आंकडे कोरावयाचे, आणि मग तो उभा करून ओकच्याच खुंट्या ठोकावयाच्या, असा हा क्रम होता. लोखंडी खिळ्यांचें काम फारसें पडत नसे. लाकूड वाळतांना पिळवटे व आकसे, आणि त्या आकसण्यानेंच सांधे अधिक घट्ट आवळले जात. अशा घरांच्या भिंती आज वेड्यावांकड्या दिसतात त्या सुतार अडाणी होता म्हणून नव्हे. ओल्या लाकडाचा तो धर्मच आहे.

सांगाड्यांतील रिकाम्या चौकटी कुडानें भरीत. ओकच्या उभ्या काठ्यांत हेझलच्या लवचीक फांद्या विणावयाच्या, आणि त्यांवर माती, चिरलेला पेंढा व गाईचें शेण यांचा लगदा दोन्ही बाजूंनीं थापून वर चुन्याचा हात द्यावयाचा. कोंकणांतील किंवा मावळांतील कुणब्यास ही कृति शिकवावी लागणार नाहीं. ज्या देशाच्या गिरण्यांनीं आणि आगगाड्यांनीं पुढें जग व्यापलें, त्या देशांतील सधन शेतकरीही चारपांचशें वर्षांपूर्वी शेणामातीच्या कुडांतच राहत होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आंत शिरल्यावर दिसे तें एक मोठें दालन. अशा घरांस वर माडी नसे, आणि दालनांतून थेट आढ्यापर्यंत दृष्टि पोंचे. मध्यभागीं जमिनीवरच उघडें चुल्हाण असे. धूर वर चढून छपराच्या फटींतून वाट काढी आणि जातांजातां वासे, आढें व पेंढ्याचा आंतला थर काजळून टाकी. इंग्लंडांतील अनेक जुन्या घरांच्या छपरांत काजळी धरलेलीं हीं लाकडें अद्याप सांपडतात. एरवीं निरुपयोगी अशी ही काजळी इतिहासाच्या अभ्यासकास मात्र साक्षीदारासारखी उपयोगी पडते. कारण जेथें ती आहे तेथें कधीं काळीं वर माडी नव्हती व भिंतींत धुराडें नव्हतें हें ती निःसंशय सांगते. शॉटरीच्या घरांतील जुन्या कमानी आज माडीवरील खोल्यांत दिसतात. तेथें त्या भिंतींतून निघून छताकडे वळत जातात. खोल्यांसाठीं म्हणून त्या केलेल्या नाहींत. खोल्या मागाहून आल्या आणि त्यांनीं कमानींच्या कलानें आपली जागा करून घेतली.

छपराविषयीं स्वतंत्रपणें सांगितलें पाहिजे, कारण घराची सारी शोभा त्यांत आहे. हें छप्पर गव्हाच्या लांब पेंढ्याचें. पेंढा भिजवून, विंचरून, त्याच्या सारख्या जुड्या करीत, आणि वळचणीपासून आढ्याकडे थरावर थर चढवीत. हेझलच्या फोडलेल्या काटक्या मध्यें पिळून केसांतल्या आंकड्यांसारख्या वांकवीत व त्या खोंचून थर पक्के करीत. छपराचा उतार मोठा, सुमारें पन्नास अंशांचा ठेवीत. म्हणजे पावसाचें पाणी पेंढ्यांत मुरण्यापूर्वींच काडीवरून काडीवर घरंगळून पागोळ्यांनीं खालीं पडे. आपल्याकडील शाकारणी वर्षाच्या अंगीं पडते. तेथील लांब पेंढ्याचें छप्पर चांगल्या कारागिरानें घातलें तर वीसपंचवीस वर्षें टिकतें, आढें मात्र त्याआधींच पुन्हां बांधावें लागतें. शिवाय जुना पेंढा सगळा उपटून काढीत नाहींत. कुजलेला वरचा थर खरवडून त्यावर नवा चढवितात. त्यामुळें घराच्या भिंती बदलल्या, दारें बदललीं, तरी छपराच्या तळाचा थर पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहूं शकतो.

या छपराचा एकच वैरी, आणि तो म्हणजे अग्नि. लंडन शहरांत १२१२ सालींच आगीनंतर पेंढ्याच्या नव्या छपरांस मनाई झाली होती. स्ट्रॅटफर्डलाही १५९४, १५९५ व १६१४ सालीं मोठ्या आगी लागल्या आणि पुष्कळ घरें भस्मसात्‌ झालीं. शहरांत घराला घर लागून असल्यानें ठिणगी एका छपरावरून दुसऱ्यावर उडे. शॉटरीचें घर खेड्यांत, आपल्या शेतांत एकटें उभें होतें म्हणून तें या संकटांतून वांचलें.

हॅथवे घराण्याचा या घराशीं संबंध १५४३ सालापासून दिसतो. ॲनचा आजा जॉन हॅथवे हा त्या वर्षीं येथें कूळ म्हणून राहत होता. जमीन त्याच्या मालकीची नव्हती. जहागिरीच्या दप्तरांतील नोंदीची नक्कल हाच कुळाच्या हक्काचा पुरावा असे, आणि वारस बदलला कीं धन्यास नजराणा द्यावा लागे. जॉनच्या मागें त्याचा पुत्र रिचर्ड यानें शेती चालविली. तो १५८१ सालीं वारला. त्यानें आपल्या मृत्युपत्रांत ॲनला, जिला तेथें ॲग्नेस म्हटलें आहे, तिच्या लग्नाच्या दिवशीं सहा पौंड तेरा शिलिंग चार पेन्स द्यावे असें लिहून ठेवलें. लग्न पुढील वर्षींच, नोव्हेंबर १५८२ मध्यें झालें. वधू सव्वीस वर्षांची व वर अठरा वर्षांचा होता.

चरित्रकार या मृत्युपत्रांतील हुंड्याच्या रकमेपाशीं थांबतात. घराचा अभ्यास करणाऱ्यास मात्र त्यांतील दुसरें एक वाक्य अधिक मोलाचें वाटतें. आपली पत्नी जोन ही जिवंत असून विधवा म्हणून राहील तोंपर्यंत मोठ्या दालनांतील भिंतींस लावलेलें लांकडी तक्तपोशीचें काम व आंतल्या बैठकीच्या खोलींतील दोन सुतारकामाचे पलंग जागचे हलवूं नयेत, अशी रिचर्डची आज्ञा आहे. या एका कलमावरून १५८१ सालचें घर डोळ्यांसमोर उभें राहतें. घरांत मोठें दालन आहे, त्याशिवाय निराळी खोली आहे, भिंतींस फळ्या मढविल्या आहेत, आणि पलंग हे नांवानें नोंदावे इतके किंमतीचे आहेत. पुढें शेक्सपीअरनें १६१६ सालच्या आपल्या मृत्युपत्रांत पत्नीस दुसऱ्या प्रतीचा पलंग ठेवला म्हणून लोक त्याला नांवें ठेवतात. पण ज्या समाजांत पलंग मृत्युपत्रांत लिहिला जाई, त्या समाजांतील ही देणगी आहे एवढें तरी विसरतां कामा नये.

याच मृत्युपत्रांत टॉमस व्हिटिंग्टन या धनगराचें देणें नोंदलेलें आहे. तो हॅथवेंच्या मेंढ्या राखीत असे. १६०१ सालीं तो मेला तेव्हां, ॲन शेक्सपीअरकडे आपले चाळीस शिलिंग आहेत ते स्ट्रॅटफर्डच्या गोरगरिबांस द्यावे, असें त्यानें लिहून ठेवलें. माहेरच्या जुन्या गड्यानें आपला पैसा लेकीच्या हातीं विश्वासानें ठेवावा, यांत त्या घराची जी ओळख पटते ती कोणत्याही कोरीव खांबानें पटणार नाहीं. खुद्द शेक्सपीअरचीही दृष्टि या गांवाकडे होती. शॉटरीस किंवा जवळपास थोडी जमीन घेण्याचा त्याचा विचार असल्याचा उल्लेख स्ट्रॅटफर्डच्या एका रहिवाशानें १५९८ सालीं लिहिलेल्या पत्रांत आहे.

आतां या घराचा मोठा पालट पाहावयाचा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सगळ्या इंग्लंडांतच शेतकऱ्यांचीं घरें बदलूं लागलीं होतीं. एसेक्समधील रॅडविंटरचा धर्मोपदेशक विल्यम हॅरिसन यानें १५७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडच्या वर्णनांत सांगितलें आहे कीं, त्याच्या गांवांतील वृद्ध माणसें आपल्या हयातींत झालेल्या तीन फरकांचें नवल करीत. आणि त्यांतील पहिला फरक म्हणजे धुराड्यांची वाढलेली संख्या. धान्याचे भाव चढत होते. ज्याच्याकडे जमीन होती त्याच्या हातीं पैसा खेळूं लागला होता. इतिहासकार हॉस्किन्स यानें १९५३ सालीं या कालखंडास, म्हणजे १५७० ते १६४० या वर्षांस, ग्रामीण इंग्लंडच्या पुनर्बांधणीचा काळ असें म्हटलें.

धुराडें ही दिसावयास साधी गोष्ट. पण तिनें घराचा आंतला नकाशाच फिरविला. दालनाच्या मध्यभागचें चुल्हाण उठून भिंतीच्या कडेला दगडविटांच्या कोनाड्यांत गेलें. धूर नळींतून परस्पर बाहेर जाऊं लागला, तेव्हां दालनाचा वरचा अर्धा भाग मोकळा झाला. तेथें तुळया टाकून तक्ते घातले कीं माडी तयार. माडी आली म्हणून जिना आला, माडीस उजेड हवा म्हणून छपरांत खिडक्या आल्या. पेंढ्याचें छप्पर त्या खिडक्यांवर भिंवईसारखें उचलून घेतलें. आज प्रवाशांस सर्वांत गोड वाटतो तो हाच भाग. पूर्वी धनी, गडी, मुलेंबाळें सारीं एकाच अग्नीभोंवतीं बसत. आतां निजावयाची खोली निराळी झाली. उबेबरोबर एकांतही घरांत आला.

शॉटरीस हा पालट पूर्णतेस नेला तो ॲनचा भाऊ बार्थोलोम्यू हॅथवे यानें. त्यानें १६१० सालीं घर व जमीन विकत घेतली. आजापासून चालत आलेलें कुळाचें नातें संपलें, आणि हॅथवे आपल्या जमिनीचे धनी झाले. यानंतर घराची उंच बाजू, म्हणजे उतारावरील वरचा भाग, बांधला गेला. खणाला खण जोडून घर लांबलें. जुन्या भागांत कमानी आहेत, नव्यांत त्या नाहींत. तेथें सरळ खांब आणि चौकोनी चौकटी आहेत. दोन्ही भाग एकाच छपराखालीं असले, तरी जाणत्या सुताराची नजर सांधा कोठें आहे तें तत्काळ ओळखते. घर ज्याच्या मालकीचें नाहीं तो तें डागडुजी करून राखतो. पण तें आपलें झालें म्हणजे मनुष्य नातवंडांचा विचार करून वीट रचतो. ही गोष्ट कोणत्याही देशांतील कुळास सांगून समजवावी लागत नाहीं.

तेव्हां ॲनचें घर कोणतें, याचें उत्तर हें असें आहे. कमानींचा सखल भाग, दगडाचें जोतें, दालन आणि त्यालगतची खोली हीं तिनें बाळपणीं पाहिलीं. उंच बाजू उभी राहिली तेव्हां ती पन्नाशी ओलांडलेली प्रौढ स्त्री होती आणि भावाच्या घरीं पाहुणी म्हणून येत असेल. १६२३ सालीं ती वारली. मधल्या धुराड्यावरील एका दगडावर जॉन हॅथवेचीं आद्याक्षरें व १६९७ हें साल कोरलेलें आहे. तें काम तर तिच्या मृत्यूनंतर चौऱ्याहत्तर वर्षांचें. प्रवासी त्या दगडाकडे पाहून शेक्सपीअरचें स्मरण करतात. प्रत्यक्षांत तो एका पुढच्या पिढीच्या, नांवलौकिक नसलेल्या शेतकऱ्याचा अभिमान आहे.

घराची कीर्ति पसरली ती मात्र शेतीमुळें नव्हे. १७९५ सालीं सॅम्युअल आयर्लंड या गृहस्थानें एव्हन नदीकांठच्या देखाव्यांचें पुस्तक प्रसिद्ध केलें व त्यांत या घराचें चित्र दिलें. शेक्सपीअर प्रियाराधनास येई तेव्हां ज्या खुर्चीवर बसे असें सांगितलें जाई, ती खुर्चीही त्यानें येथून विकत नेली. याच आयर्लंडचा पुत्र शेक्सपीअरच्या नांवाचीं खोटीं कागदपत्रें तयार करण्याबद्दल पुढें कुप्रसिद्ध झाला, हा योगायोग मोठा बोलका आहे. कीर्ति वाढत असतांना घराची दशा मात्र उतरत होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कुटुंबास तें विकावें लागलें. एका घराचे भाग पाडून निरनिराळीं बिऱ्हाडें तेथें राहूं लागलीं. ‘झोपडी’ हें नांव या पडत्या काळांत शोभलें असेल. तरीही हॅथवेंच्या वंशांतील मेरी बेकर ही वृद्ध स्त्री भाडेकरू म्हणून तेथेंच राहिली आणि येणाऱ्यांस घर दाखवीत राहिली. १८९२ सालीं शेक्सपीअर जन्मस्थान न्यासानें तें विकत घेतलें. त्यानंतरही १८९९ सालीं मृत्यु येईपर्यंत ती त्या घराची राखणदार होती.

जुनें घर राखणाऱ्यांपुढें नेहमीच एक पेंच असतो. लोकांस कथा हवी असते, आणि लाकूड सत्य बोलत असतें. विल्मकोट येथें याचा चांगलाच प्रत्यय आला. तेथील एक देखणें घर शेक्सपीअरची आई मेरी आर्डन हिचें म्हणून कित्येक वर्षें दाखविलें जात असे. २००० सालीं जुन्या कागदपत्रांवरून सिद्ध झालें कीं, तें पामर नांवाच्या शेजाऱ्याचें घर, आणि आर्डन कुटुंबाचें खरें घर म्हणजे शेजारचीच, विटांनीं मढून ओळखूं न येणारी एक साधी इमारत. लाकडांतील वार्षिक वलयें मोजल्यावर तिचा ओक १५१४ च्या सुमारास तोडलेला आढळला. वारंवार बदल झाल्यामुळेंच तें घर कोणाच्या डोळ्यांत भरलें नव्हतें. सौंदर्यावरून जुनेपणा ठरवूं पाहणाऱ्यांस हा धडा पुरेसा आहे. इंग्रजी घरांचें प्रसिद्ध काळेंपांढरें रूपही पुष्कळ ठिकाणीं एकोणिसाव्या शतकांतील हौसेचें आहे. त्याआधीं ओकचें लाकूड बहुधा आपल्या करड्या रंगांतच राही.

१९६९ सालीं शॉटरीच्या घरास आग लागली आणि छपराचें मोठें नुकसान झालें. शतकानुशतकें जें टळलें होतें तें अखेर घडलें. न्यासानें घर पुन्हां दुरुस्त केलें, नवा पेंढा चढविला. मग तें घर पूर्वीचेंच राहिलें काय? काटेकोर मनुष्य म्हणेल, नाहीं. पण याच न्यायानें पाहिलें तर १४६३ नंतर तें एकदांही पूर्वीचें राहिलेलें नाहीं. प्रत्येक शाकारणीनें तें थोडें नवें झालें, आणि त्यामुळेंच तें जुनें होऊं शकलें. ज्या घरास कोणी हात लावला नाहीं तें घर शुद्ध राहत नाहीं, तें पडतें.

खरा धोका निराळ्याच दिशेनें आला. यंत्रानें कापणी व मळणी एकदमच होऊं लागल्यावर लांब, अखंड पेंढा मिळेनासा झाला. शिवाय भरघोस कणसाचा भार पेलावा म्हणून आंखूड ताटाचे गहू शेतांत आले. आतां कांहीं शेतकरी छपरांसाठीं मुद्दाम उंच ताटाचे गहू पिकवितात; १९६४ सालीं तयार केलेली ‘मॅरिस विजन’ ही जात त्यांपैकींच. तो जुन्या पद्धतीच्या यंत्रानें कापून त्याच्या पेंढ्या बांधाव्या लागतात. म्हणजे एक छप्पर राखावयाचें तर केवळ पैसा पुरत नाहीं. त्यासाठीं शेत, बीं, यंत्र, हेझलचें रान आणि शाकारणाराचा हात, इतकीं सारीं राखावीं लागतात.

शॉटरीच्या घरांत एका थोर कवीच्या प्रेमकथेचा शोध घेणाऱ्यास निश्चित असें थोडेंच हातीं लागेल. परंतु एका कुळानें जमीन कशी मिळविली, धूर घराबाहेर कसा गेला, माडी कशी आली, पडत्या काळांत वंशांतील एका वृद्धेनें उंबरठा कसा सोडला नाहीं, हा वृत्तांत तेथें लाकडांत व दगडांत स्पष्ट लिहिलेला आहे. ॲनचें म्हणून जें दाखवितात त्यांत तिच्या आजाचें, बापाचें, भावाचें आणि त्यांच्या मागून आलेल्या अनेकांचें घर आहे. तीं सारीं एकाच छपराखालीं नांदत आहेत, आणि त्या छपराचा पेंढा आणखी वीसपंचवीस वर्षांनीं पुन्हां बदलावा लागणार आहे.